माणिकरावांची तुला व्हायची आहे

१९ जानेवारी

काल मला पुस्तकांनी तोलायचं ठरलं होतं. शेवटी ज्वारीनं उचललं.

झालं ते जसंच्या तसं लिहून ठेवते. राग शिळा झाला की माणूस स्वतःशीच तडजोड करू लागतो, आणि मला ती करायची नाही. वाचनालयाच्या व्याख्यानमालेतलं माझं पन्नासावं व्याख्यान, म्हणून ग्रंथतुला. एका पारड्यात मी, दुसऱ्यात पुस्तकं, आणि बरोबरी झाली की ती पुस्तकं खेड्यांतल्या शाळांना. पुढाऱ्यांना गुळानं, पेढ्यांनी तोलतात. मला पुस्तकांनी तोलणार म्हणून मी महिनाभर हवेत होते. मोंढ्यातून, म्हणजे धान्याच्या बाजारातून, मोठा तराजू आला होता, साखळ्यांना झेंडूच्या माळा. मी बसले, माझं पारडं जमिनीला टेकलं. समोर गठ्ठ्यावर गठ्ठा चढत गेला. शेवटचा गठ्ठा ठेवला तरी पारडं हललं नाही. पुस्तकं संपली.

सभागृह एकदम गप्प. ग्रंथपाल धम्मानंद हातात एक कागद घेऊन माईककडे निघाला होता. तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष माणिकराव पुढे घुसले आणि माईक ओढून म्हणाले, "बाईंपुढं आपलं वाचनालयच कमी पडायलंय! आरे, टेम्पोतून माझं ज्वारीचं पोतं आणा!"

सातशे माणसं हसली. पोतं आलं, पुस्तकांवर आदळलं, आणि मी झोक्यावरच्या पोरीसारखी सटकन वर. दोन्ही मुठींत साखळी, पाय हवेत. चोपन्न वर्षांची बाई, एकतीस वर्षं कॉलेजात इतिहास शिकवलेली. पहिल्या रांगेत माझे विद्यार्थी होते. तेही हसले. ते जास्त मनापासून हसले.

आता पुरावा. नोव्हेंबरात धम्मानंद माझ्या हातची चिठ्ठी घेऊन गेला होता: जन्मतारीख, मूळ गाव, वजन. म्हणजे माझं वजन त्यांना ठाऊक होतं. तरीही पुस्तकं कमी आणली. ही चूक नाही, हा कट आहे. माणिकरावांची मोंढ्यात आडत आहे. चाळीस वर्षं पोती मोजलेला माणूस वजनात चुकत नसतो.

पुढच्या दहा जानेवारीला त्यांना साठ वर्षं पूर्ण होतात. त्यांचीही ग्रंथतुला होईल, समिती आत्ताच बोलू लागली आहे. रोममधला एक म्हातारा पुढारी कोणत्याही विषयावर बोलला तरी भाषणाचा शेवट एकाच वाक्यानं करी, की शत्रूचं नगर नष्ट झालंच पाहिजे. आजपासून माझंही एक वाक्य.

माणिकरावांची तुला व्हायची आहे.

२३ जानेवारी

वजनकाटा आणला. शहाण्णव. काटा खोटा म्हणून परत केला, दुसरा आणला. साडेशहाण्णव.

माझे यजमान गोविंदराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीवर शेरा मारतात. म्हणाले, "काटे दोन हायेत, पण बाई तर एकच हाय ना."

रात्री जेवले नाही. त्यांच्या वाट्याची भाकरी मात्र जरा जोरात वाढली.

योजना अशी. वर्षभरात वजन उतरवायचं. दहा जानेवारीला मी मंचावर ताठ, हलकी उभी असेन आणि माणिकराव पारड्यात जमिनीला टेकलेले असतील. त्यांचं पोट माझ्या पोटाच्या पुढे चालतं, हे अख्ख्या परभणीला माहीत आहे.

माणिकरावांची तुला व्हायची आहे.

३ फेब्रुवारी

मुलीची कॉलेजातली सायकल माळ्यावरून काढली. ती पुण्यात नोकरीला आहे, फोनवर इतकी हसली की मी फोन ठेवून दिला. हसणाऱ्यांची यादी वाढते आहे.

पहाटे कृषी विद्यापीठाच्या आवारात गेले. तिथले रस्ते सरळ आणि झाडांचे. तिसऱ्या वळणावर दम संपला. सायकल हातात धरून चालत होते, तर एक जुना विद्यार्थी गाडी थांबवून म्हणाला, "मॅडम, पंक्चर झाली का?" मी हो म्हटलं. त्या भल्या माणसानं दोन्ही चाकं दाबून बघितली.

१ मार्च

आज बसून हिशेब लावला की हे शरीर कुणी बांधलं. मी नाही. एकतीस वर्षं गावोगाव व्याख्यानं दिली. प्रत्येक व्याख्यानाआधी "मॅडम, दोन घास खाऊन घ्या" आणि नंतर "जेवल्याशिवाय जाऊ देणार न्हाई." शिरा, भजी, पुरणपोळीवर तुपाची धार. मी समतेवर बोलत राहिले आणि लोक मला वाढत राहिले. नाही म्हटलं तर यजमानीण रडायला येते. मी व्यवस्थेविरुद्ध बोलू शकते, तुपाच्या वाटीविरुद्ध बोलता येत नाही, ही गोष्ट कुठल्याही श्रोत्याला कळू नये.

आजपासून एक ज्वारीची भाकरी, मुगाचं पातळ वरण, एक पालेभाजी, ताक. साखर बंद. चहा बिनसाखरेचा.

ज्वारी बघितली की ते पोतं आठवतं. तरी खाते. शत्रूचं धान्य खाऊनच शत्रूवर चालून जावं लागतं.

२ एप्रिल

त्र्याण्णव. आता पेडगावच्या रस्त्याला जाते. वाटेतल्या पुलापर्यंत जाऊन परत. पुलाजवळ आज एक बाई भाज्यांच्या जुड्या बांधत बसली होती. कडूबाई नाव, पेडगावचीच. ऊसतोडीवरून आठवड्यापूर्वी परत आली. हाताच्या शिरा दोरीसारख्या.

मला थांबवून म्हणाली, "बाई, कुणावर राग काढायलाव सायकलीवर?"

"वजन कमी करतेय."

"मंग रागानं कशाला? ती सायकल काय तुमची सवत हाय का?" स्वतःच हसली. मग म्हणाली, "आमाला उतरवावं लागत न्हाई. पाच महिने मोळी डोक्यावर घिऊन शिडी चढलं की ऊसच उतरवतो. तिकडं जाताना बांगड्या बसतात, येताना कोपरापर्यंत जातात."

मी यावर बोलायला हवं होतं. मी याच विषयावर दोन व्याख्यानं दिली आहेत. तोंडातून निघालं ते, "चुक्याची जुडी कशी दिली?"

२० मे

त्रेचाळीस अंश. एक्क्याण्णवावर वजन महिनाभर अडलं होतं. चार दिवसांपूर्वी कारण सापडलं. गोविंदराव रोज सकाळी माझ्या चहात अर्धा चमचा साखर टाकत होते.

"तुला कडू चहा पिताना बघवत न्हाई गं. तोंड वाकडं करतीस, मग दिवसभर आम्हाला वाकडं बोलतीस."

घरातच फितुरी. मी म्हटलं, इतिहासात किल्ले असेच पडलेत. ते म्हणाले, "किल्ला पाडायसाठीच तर तू सायकल चालवायलीस ना?"

तीन दिवस चहा स्वतः केला. चौथ्या दिवशी त्यांनी केलेला कडू चहा त्यांनी स्वतःही घेतला. तोंड वाकडं झालं, पण बोलले नाहीत.

माणिकरावांची तुला व्हायची आहे.

११ जुलै

शहाऐंशी. जुने ब्लाऊज सैल झाले. आणि आजच हे दिसावं!

स्टेशन रोडला माणिकराव दिसले. बारीक झालेत. थोडेथोडके नाही, सदरा खांद्यावरून उतरल्यासारखा. एका दवाखान्याच्या पायरीवर बसले होते, हातात मोठं पाकीट. मला पाहून उठले. "सुमंगलाबाई, लय छान दिसायलाव. सायकलीचं ऐकलंय मी."

ऐकलंय! म्हणजे माझ्यावर नजर आहे. माझा बेत ओळखून हा माणूस आधीच वजन उतरवू लागला आहे. दवाखान्यात कुठला तरी महागडा आहाराचा कोर्स लावला असणार. मी सहा महिने घाम गाळून दहा किलो उतरवले, यानं बसल्या जागी वीस उतरवले.

घरी हे सांगितलं तर गोविंदराव म्हणाले, "अगं, त्यांचं ऐकलं नाहीस का, त्यांना…"

"त्यांची वकिली तुम्ही करू नका."

ते गप्प झाले. माझ्यापुढे माणसं गप्प होतात. व्यासपीठावर याचा अभिमान वाटतो, घरात कधीकधी नाही.

उद्यापासून पूल ओलांडून पुढे.

१७ सप्टेंबर

राणीसावरगावला मुक्तिसंग्राम दिनाचं व्याख्यान. बोलून झाल्यावर ताट आलं: पुरणपोळी, भजी, तूप. मी म्हटलं, फक्त भाकरी आणि ताक. यजमानीण उभीच राहिली. "मॅडम, आमच्या हातचं चालत न्हाई का?" मी कुठे बसून काय बोलले आहे ते सगळं त्या एका प्रश्नानं रद्द होणार होतं. मी अर्धी पोळी तिच्यासमोर बसून, तिच्याच ताटातली खाल्ली. मग तिला सगळं सांगितलं, तराजू, पोतं, हवेतले पाय. ती आधी तोंडाला पदर लावून हसली, मग डोळे पुसले आणि म्हणाली, "त्या मेल्याला सोडू नगा."

वर्षातला पहिला खरा पाठिंबा.

२६ ऑक्टोबर

आज समितीची बैठक. माणिकराव उशिरा आले, भिंतीला धरून. पेढ्याचं ताट पुढे केलं तर हात जोडले. पथ्य इतकं काटेकोर! मीही हात जोडले. समोरासमोर दोघांनी पेढा नाकारला, म्हणजे युद्ध दोन्हीकडून जाहीर झालं.

त्यांच्या तुलेची पुस्तकं जमवायला कोण, असं विचारलं गेलं तेव्हा मी हात वर केला. धम्मानंदाची पेन्सिल खाली पडली. माणिकराव माझ्याकडे वळून म्हणाले, "बाईंच्या हातून होणार असंल तर मला लय आनंद हाय."

नाटक करावं तर असं.

३० ऑक्टोबर

धम्मानंद माणिकरावांची चिठ्ठी घेऊन आला. जन्मतारीख, मूळ गाव, वजन: ब्याण्णव.

ब्याण्णव! म्हणजे वरून बारीक दिसतो, आतून भरलेलाच आहे. आणि चिठ्ठीत माणूस तीन किलो कमीच लिहितो, ती जगाची रीत आहे. धरून चालू, पंच्याण्णव.

मी बासष्ट किलो पुस्तकं आणणार. तीस किलोंचा खड्डा. गठ्ठे घरीच बांधीन, घरच्याच काट्यावर मोजीन, धम्मानंदाला सांगीन की ब्याण्णव भरले. पारडं जमिनीला चिकटून राहील, सभागृह गप्प होईल, आणि मी माईक घेईन. वाक्य तयार आहे. तेच वाक्य, त्यांचंच. फक्त "बाईंपुढं"च्या जागी "अध्यक्षांपुढं".

आणि पोतं पडद्यामागे तयार असेल. मीच विकत आणीन.

२ डिसेंबर

एकोणऐंशी. कडूबाई निघून गेली ऊसतोडीला. जायच्या आधी पुलाजवळ भेटली होती. तिला बेत सांगितला. वाटलं, तीही राणीसावरगावच्या बाईसारखी पाठ थोपटेल.

"माणिकशेटला?" ती म्हणाली. "लय खंगलाय की तो मानूस. आमच्या मालाला काटा कधी मारला न्हाई त्यानं." मग जुडी माझ्या पिशवीत टाकून म्हणाली, "तुमी शिकलेल्या. तुमाला कळतंय."

खंगलाय. आहाराच्या कोर्सला खेड्यात हाच शब्द असेल.

झोप नीट लागली नाही. मी चुकते आहे का? नाही. सातशे माणसं हसली होती, हे खोटं नाही. माझे पाय हवेत होते, हे खोटं नाही. राग येत नसेल तर तो आणावा लागेल. उद्या विद्यापीठाच्या त्याच तिसऱ्या वळणावरून जाईन.

माणिकरावांची तुला व्हायची आहे.

१० जानेवारी

झाली.

तोच तराजू, तेच झेंडू. मी सत्त्याहत्तर किलो, नवी सुती साडी, पडद्याजवळ ताठ उभी. पाठीशी पोतं. माणिकराव लांब कोट घालून आले, मुलाच्या खांद्याला धरून पारड्यात बसले. पारडं टेकलं. धम्मानंद एकेक गठ्ठा चढवू लागला. मी मनात मोजत होते. चाळीस. पन्नास. माझ्या हाताला माईकचा गारवा लागला होता.

शेवटचा गठ्ठा ठेवला आणि माणिकरावांचं पारडं उठलं. हळूच, आपणहून. दांडी थरथरली. पुस्तकांकडे किंचित झुकली होती. धम्मानंदानं माणिकरावांच्या मांडीवर नारळ ठेवला आणि दांडी सरळ झाली. सभागृह उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. त्यांच्या आजाराचं सगळ्यांना माहीत होतं. मला सोडून सगळ्यांना.

माईक माझ्या हातात होता. एकतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याजवळ माईक होता आणि शब्द नव्हता. मी म्हटलं, "अध्यक्षांना शुभेच्छा," आणि तो धम्मानंदाच्या हातात दिला.

कार्यक्रम संपल्यावर माणिकरावांनी मला पडद्यामागे बोलावलं. दुसरीकडे जागा नव्हती म्हणून ते ज्वारीच्या पोत्यावर बसले. माझ्याच पोत्यावर.

"बाई, तुमी ओळखलंत," ते म्हणाले. "मी चिठ्ठीत गेल्या साली होतं ते वजन लिहिलं. खरं लिवायला हात धजंना. वरून हे डायलिसिस… जाऊ द्या. ब्याण्णव किलोची पुस्तकं खरंच आली असती ना, तर मी सगळ्या परभणीपुढं वाळल्या पेंढीसारखा वर लटकलो असतो. रात्रभर तीच धास्ती होती. तुमी बरोबर तेवढीच आणली. कुणाला कळू न देता."

सांगायला हवं होतं. आत्ता लिहिताना सगळी वाक्यं सुचतात.

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला. "ही तुमची अमानत. गेल्या साली धम्मानंद ही माईकवर वाचायला निघाला होता, समितीची चूक न्हाई हे सांगायला. मी मधी पडलो. घाईत काय बोलावं सुचलं न्हाई, पोतंच सुचलं. मोंढ्याचा मानूस मी." ते हसले, धाप लागली. "तुमी वर गेलात तवा माझा जीव खाली गेला. माफी मागायची होती, पण मागितली असती तर चिठ्ठीचं सांगावं लागलं असतं."

माझंच अक्षर. जन्मतारीख. मूळ गाव. वजन: ६८.

ते लिहिताना माझा हात थांबला होता. आठवतंय. आधी जागा कोरी सोडली, मग धम्मानंद चहा पीत असताना पटकन भरली. अडुसष्ट मी मुलीच्या जन्माआधी होते. वर्षभर मी तीच चिठ्ठी कटाचा पुरावा म्हणून धरून बसले होते.

निघताना धम्मानंदानं विचारलं, "मॅडम, हे पोतं कशाला आणलं होतं?"

"घरी न्यायचंय," मी म्हटलं. तो आणि रिक्षावाला दोघांनी उचललं.

गोविंदरावांनी दार उघडलं. पोत्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. शेरा मारला नाही. चहा केला, कडू.

११ जानेवारी

पहाटेचे पाच. काटा: सत्त्याहत्तर. चिठ्ठी: अडुसष्ट.

एका माणसाविरुद्ध मी वर्षभर सायकल चालवली. तो माणूस खिशात माझी लाज घडी करून फिरत होता आणि दर दिवशी स्वतः कमी होत होता. माझा एकोणीस किलोंचा राग आता कुणावर टाकू? राग संपलेला नाही. मला तो संपवताही येत नाही. फक्त त्याचा पत्ता चुकला होता.

कालची शाबासकी मी चोरली आहे. बासष्ट किलो पुस्तकं मी कशासाठी बांधली, पोतं कशासाठी आणलं, वाक्य कोणतं तयार होतं, हे सगळं त्यांना सांगायचं आहे. व्याख्यान नाही, साधं सांगायचं. कदाचित ते हसतील. कदाचित पुन्हा तोंड बघणार नाहीत. आज त्यांचा दवाखान्याचा दिवस नाही, धम्मानंदाला विचारून ठेवलंय.

सायकल पुसून दाराशी लावली आहे. आज पेडगावचा रस्ता नाही, मोंढ्याचा. मागच्या कॅरिअरला पोत्यातली पाच किलो ज्वारी बांधली आहे, गेल्या वर्षीच्या त्यांच्या पोत्याची परतफेड म्हणून.

जिनं तो आकडा लिहिला, ती बाई अजून सुटून फिरते आहे. तिला मी सोडणार नाही. नऊ किलो बाकी आहेत.

सुमंगलेची तुला व्हायची आहे.